कोरोनाच्या रुग्णाचा श्वास मोजायचा कसा

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लोक आधी लॅबला फोन लावतात. शरीरातली सूज दाखवणारे सीआरपी आणि फेरिटिन, रक्ताच्या गुठळ्यांचा अंदाज देणारं डी-डायमर, सगळं पॅकेजच. थांबा. आजार किती चढलाय ते रक्ताआधी श्वासात कळतं. पहिल्या दोन्ही लाटांत मी घरोघरी जाऊन रुग्ण तपासले, आणि सर्वांत जास्त चुका श्वास मोजण्यातच झालेल्या पाहिल्या.

ताप आणि नाडी दिवसातून चारदा लिहा, शेजारी पॅरासिटामॉलची वेळ.

ऑक्सिमीटरसाठी मेंदी-नेलपेंट नसलेलं बोट घ्या, गार असेल तर चोळा आणि आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. ऑक्सिजन 94 टक्के किंवा वर ठीक. 90 ते 93 म्हणजे मध्यम आजार. 90 च्या खाली गंभीर.

आता श्वास. "तुमचा श्वास मोजते" असं म्हटलंत की संपलं. माणूस लगेच सावकाश, शहाण्यासारखा श्वास घेऊ लागतो. मनगट धरा, नाडी बघताय असं दाखवा, हात त्यांच्याच पोटावर ठेवा आणि नजर हातावर. हात वर जाऊन खाली आला की एक. गोधडी असली तरी हाताला कळतं. बोलू देऊ नका. नुकतेच संडासला जाऊन आले असतील किंवा खोकले असतील तर दहा मिनिटं थांबा.

आणि पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. एक श्वास चुकला की चारचा फरक पडतो. सत्तरीतल्या एका काकांचे मी असेच 20 लिहिले होते. ऑक्सिजन 95, काका हसत होते. मी चप्पल घालत होते तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "ताई, कालपासून जेवताना दोन घासांमध्ये थांबतात हो." परत आत गेले, मनगट धरून पूर्ण मिनिट बसले. 28! न्हाणीपर्यंत चालवलं तर ऑक्सिजन 89. त्याच संध्याकाळी त्यांना दाखल केलं.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 24 किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, 30 किंवा जास्त असेल तर लगेच रुग्णालय. लहान मुलांचे आकडे वेगळे असतात, हे त्यांना लावू नका.

बसल्या जागी सगळं ठीक असेल तर घरातच सहा मिनिटं चालवा, साठीच्या पुढच्यांना तीन. ऑक्सिजनचा आकडा तीनपेक्षा जास्त घसरला, 93 खाली गेला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना कळवा. दम्याच्या रुग्णाला आणि आधीच दम लागलेल्याला चालवू नका.

रक्त डॉक्टर सांगतील तेव्हा द्या, पण दर वेळी एकाच लॅबमध्ये. डी-डायमर कुणी एफईयू या एककात देतं, कुणी डीडीयू या एककात. त्याच रक्ताचा आकडा जवळपास दुप्पट दिसतो आणि घर हादरतं. एकट्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते बघा. सीआरपी वाढला म्हणून स्टिरॉइड मनाने तर मुळीच सुरू करू नका. 2020 च्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या औषधांच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांनाच झाला, बाकीच्यांना नाही.

ओठ निळे पडले, छाती दाबल्यासारखी वाटली, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर मोजत बसू नका. 108 लावा आणि वहीतला शेवटचा श्वासाचा आणि ऑक्सिजनचा आकडा वेळेसह वाचून दाखवा.