आधी ऑटो गेन बंद करा

माहितीपटासाठी घेतलेली माझी पहिली स्वतंत्र मुलाखत. एक आजी गेलेल्या मुलाबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता थांबल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि आठ-दहा सेकंद गप्प राहिल्या. फ्रेम, फोकस, उजेड सगळं जमून आलं होतं. एडिटला बसल्यावर कळलं, त्या शांततेत पंख्याची घरघर चढत गेली आहे आणि त्या पुन्हा बोलू लागताच एकदम बसली आहे. ते फुटेज उघडताना अजूनही पोटात गोळा येतो.

कॅमेऱ्याचा ऑटो गेन, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय, चालू राहिला होता. ऑटो गेनला माणूस आणि पंखा यांतला फरक कळत नाही. आवाज कमी झाला की तो वर खेचतो, वाढला की दाबतो. त्यामुळे समोरचा माणूस गप्प झाला की मागचा गोंगाट पुढे येतो. शिवाय हा गोंगाट सतत वरखाली होत असल्याने एडिटमध्ये गोंगाट पुसणाऱ्या नॉइज रिडक्शनच्याही हाती नीट लागत नाही. जास्त ताणलं तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं.

म्हणून गेन मॅन्युअल ठेवा. माणसाला आधी सहज गप्पांत बोलतं करा आणि त्याचा चढा आवाज मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. हळू बोलणारी माणसंही मध्येच खळखळून हसतात, आणि 0 ला, म्हणजे मीटरच्या वरच्या टोकाला, धडकलेला आवाज फाटतोच. काही वायरलेस माइकमध्येही ऑटो गेन असतो. कॅमेऱ्यातला बंद करून मी निर्धास्त राहिलो आणि दुसऱ्यांदा तिथे फसलो. प्रत्येक यंत्राचा मेन्यू उघडून बघा.

आणि हेडफोन कानांवर हवेत. त्या दिवशी माझे गळ्यात होते.

घाबरू नका, यातलं काहीच अवघड नाही. हललेल्या शॉटवर कटअवे, म्हणजे दुसरं एखादं दृश्य, टाकता येतो. महागडा कॅमेरा नसला तरी चालतं. पण "साउंडचं नंतर बघू" म्हणणारा मार्गदर्शक, कितीही मोठा असो, त्याचं या बाबतीत ऐकू नका. मी ऐकलं होतं. लेव्हल चुकली तरी नंतर सावरू देणाऱ्या 32 बिट फ्लोट रेकॉर्डिंगवरही फार विसंबू नका. त्याने लेव्हल सावरते, पंखा जात नाही आणि लांबचा माइक जवळ येत नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज 6 डेसिबलने पडतो, म्हणून माइक आधी जवळ न्या. घरघर नको म्हणून फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचा राहणार नाही.

मुलाखत संपली की कुणालाही उठू देऊ नका. त्याच खोलीत, त्याच माइकवर, एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. हा रूम टोन माझ्याकडे असता तर त्या आठ-दहा सेकंदांवर टाकून मला ती जागा वाचवता आली असती. मी मात्र लगेच वायरी गुंडाळायला घेतल्या होत्या. शेवटी ती शांतता कापावी लागली. माहितीपटात आजी न थांबता बोलत जातात.