गायरानात किती जनावरं सोडायची? गवताला विचारा

चराईवरनं ग्रामसभेत आवाज चढतात, पण गवत किती आहे ते कुणी मोजलेलं नसतं. आमच्याकडं सातारच्या माण तालुक्यात पाऊस बेभरवशाचा, म्हणून मोजायचंच.

जूनमध्ये गायरानाच्या वेगवेगळ्या भागांत थोड्या थोड्या जागा काट्या लावून राखा. टेपाड, ओघळ, मुरमाड माळ, सगळं त्यात आलं पाहिजे. नुसती हिरवी जागा निवडली की हिशेब खोटा. दसऱ्यानंतर गवत निसवलं, म्हणजे तुरे आले, की मीटर बाय मीटरची चौकट ठेवून आतलं गवत जमिनीसरशी कापा. तरवड, घाणेरी असली झुडपं धरू नका. कडक वाळवून वजन करा.

सरासरी 100 ग्रॅम भरलं तर एकरी साधारण 400 किलो वाळलं गवत. त्यातलं निम्मं मुळ्यांसाठी, बियांसाठी, जमीन झाकायला सोडायचं. राहिलं 200. तीनशे किलोची गाय रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साडेसात किलो खाते. वर्षभर गायरानावरच पोसायची तर तिला जवळपास 14 एकर लागतात! हे ऐकून लोक माझ्याकडंच संशयानं बघतात. पण उन्हाळ्यात कडबा असतोच; पावसाळ्याचे चारच महिने धरले तर साडेचार एकर. एका गाईच्या चाऱ्यात आठ मेंढ्या बसतात.

पहिल्या पावसाला लगेच जनावरं घालू नका, गवत वीतभर होऊ द्या. गायरानाचे चार भाग पाडा. एक भाग बी झडेपर्यंत बंद, दरवर्षी वेगळा. पवन्या, मारवेल ही चांगली गवतं हटून कुसळी गवत माजलं की समजा जनावरं जास्त झालीत. ती कुसळं मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंत शिरतात, ते वेगळंच.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाला चराईबंदी चालली, कारण तिथं गवत विळ्यानं कापून घरी दुभत्या जनावरांना घालतात. मेंढरं दावणीला बांधून धनगराला परवडत नाही. त्यामुळं सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे. बाहेरनं येणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्यांनाही बोलवा, कुठला भाग कधीपासून कधीपर्यंत ते त्यांच्यासमोर ठरवा.

आणि वजन 50 ग्रॅमच भरलं, तर भाकड जनावरं दिवाळीतच कमी करा. मार्चला सगळा तालुका विकायला निघतो, तेव्हा दर मिळत नाही.