एकदांडीच्या बाबतीत या चुका टाळा

सोलापुरात एकदांडी हे तण शोधायला जावं लागत नाही. रिकाम्या प्लॉटवर, मुरमाच्या कडेला, कंपाउंडच्या भेगेत ती असतेच. कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. इतकी ओळखीची असूनही तिच्या बाबतीत लोक त्याच त्या चुका करतात, आणि त्यातल्या दोन मला अगदी सहन होत नाहीत.

पहिली चूक म्हणजे एकदांडीला माका, म्हणजे केसांच्या तेलात घालतात तो भृंगराज, समजणं. गेल्या श्रावणात जुळे सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी केसांसाठी तेल काढायला घेतलं. दुपारी वास आला म्हणून मी डोकावले. पातेल्यात किलोभर खोबरेल उकळत होतं, पाला तळून कुरकुरीत झाला होता आणि मोरीपाशी निवडलेल्या काड्यांचा ढीग पडला होता. एकेका काडीच्या टोकाला एकच फूल, मध्ये पिवळं, भोवती पांढऱ्या पाचेक पाकळ्या. मी म्हटलं, "वहिनी, हा माका नाही हो." त्या म्हणाल्या, "मोबाईलनं तर भृंगराजच सांगितलं!" त्यांनी फोटो काढला होता फक्त पानाचा.

घाई करणाऱ्यांचं नेहमी असंच होतं. एक पान, एक फोटो, झालं. एकदांडीचा दांडा वीतभर लांब असतो, तिचं नावच त्यावरून पडलंय. पाकळीच्या टोकाला तीन दाते असतात. पान रुंद, खरखरीत, कडेला मोठे दाते. माक्याचं फूल बारीक, दांडा आखूड, पांढऱ्या पाकळ्या दोऱ्यासारख्या आणि पुष्कळ, पान निमुळतं. तो ओलीच्या जागी वाढतो, मुरमाड माळावर नाही. माझी सवय अशी की माक्याचं खोड पांढऱ्या रुमालावर चुरडायचं आणि थोडं थांबायचं. रस काळपट पडला तर माका. नाही पडला तर पातेलं चुलीवर चढवायचंच नाही.

आणखी एक गोष्ट. एकदांडी मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. तिचं ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे शास्त्रीय नाव लिनियसनं 1753 साली दिलं. मग आपल्या जुन्या आयुर्वेदातला भृंगराज ती कशी असेल? दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, साम्य तेवढंच.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. लागलं की दगडी पाला चोळून लावायचा, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी केलंय. गुडघा खरचटला तर मीही लावलाय. पण माझ्या धाकट्या दिरांच्या पायाला शेतात विळा लागला, तेव्हा कुणीतरी पाला तोंडात चावून त्या खोल जखमेत कोंबला आणि वर फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत सुजून लाल झाला. डॉक्टरांनी जखम उघडली तेव्हा आतून पाल्याचा चोथा आणि मातीचे खडे निघाले. धनुर्वाताचं इंजेक्शन तोवर घेतलेलंच नव्हतं. आठ दिवस ते घरी पडून होते.

या पाल्यावर उंदरांवर प्रयोग झालेत, हे खरं आहे. पण प्रयोगशाळेतला अर्क वेगळा आणि रस्त्याकडेचा, कुत्र्यांनी घाण केलेला, तोंडात चावलेला पाला वेगळा. जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा, इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. घरात कुणाला साखर असेल आणि जखम पायाला असेल तर पाल्याला हातही लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीच्या चुका लहान आहेत. वरवर उपटणं ही त्यातली एक: ही बहुवर्षायू आहे, जमिनीवर पसरते आणि पेराला मुळं सोडते, त्यामुळे अर्धी तुटलेली फांदी पुन्हा फुटते. पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असताना खुरप्यानं एकेक पेर उचला. बोंडाची पांढरी म्हातारी व्हायच्या आत काढा, नाहीतर वाऱ्यावर बी सगळ्या आळीत जातं. तणनाशक मी परसात कधीच वापरत नाही; दोन तास वाकायला नको म्हणून मातीत औषध ओतायचं, हे मला पटत नाही. गाजर गवत काढायच्या मोहिमेत हिला उपटून गाजर गवत तसंच ठेवणारेही पाहिलेत. गाजर गवताची पानं गाजरासारखी चिरलेली असतात, निदान तेवढं तरी बघा.

फुलपाखरांसाठी हिला राखणारे एक विसरतात. ही मधाची वनस्पती, अळीच्या जेवणाची नाही. तांबूस पंखांचं, काळ्या-पांढऱ्या टोकांचं फुलपाखरू हिच्यावर मध प्यायला येतं, पण अंडी घालतं रुईवर. लिंबावरचं फुलपाखरू अंड्यांसाठी कढीपत्ता शोधतं. म्हणून मी कुंपणालगतची दोन हात पट्टी खुरपत नाही आणि तिच्या टोकाची रुईही तोडू देत नाही. ऊन वर आलं की त्या पट्टीवर नखाएवढी निळी फुलपाखरं उतरतात, आणि रुईच्या पानाखाली पट्ट्यापट्ट्यांची अळी सापडते.