पिल्लाच्या हृदयात मर्मर निघाला? या चुका टाळा

लस टोचायला आणलेल्या पिल्लाच्या ठोक्यांमध्ये सळसळ, म्हणजे मर्मर, ऐकू आली की काही मालक घाबरून पिल्लू परत करायला निघतात आणि काही "मोठं झालं की जाईल" म्हणून विषय संपवतात. मला या विषय संपवणाऱ्यांची जास्त काळजी वाटते.

निरुपद्रवी मर्मर असतो, हे खरं. तो हलका, आवाजाच्या सहा ग्रेडपैकी पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचा असतो आणि बहुधा चार-पाच महिन्यांपर्यंत जातो. पण तो गेला की नाही, हे पुन्हा छाती ऐकल्याशिवाय कळत नाही. पिल्लू उड्या मारतंय यावरून तर अजिबात नाही.

एका पॉमेरेनियन पिल्लाचा मर्मर पहिल्याच लशीच्या वेळी कार्डावर लिहिलेला होता. पिल्लू छान खात होतं, म्हणून फेरतपासणी राहिली. वर्षाचं व्हायच्या आत ते खोकत, धापा टाकत माझ्याकडे आलं. डाव्या काखेत बोटं ठेवली तर छातीची थरथर हाताला लागत होती. मर्मर अखंड, यंत्राच्या घरघरीसारखा. मांडीतली नाडी उसळणारी. जन्मानंतर काही दिवसांत मिटायला हवी ती महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांच्यामधली वाहिनी उघडीच राहिली होती. फुफ्फुसांत पाणी साठलेलं. आधी औषधांनी ते उतरवलं, मग वाहिनी बंद केली. पिल्लू वाचलं, पण हृदय ताणलं गेलं होतं आणि गोळ्या सुरूच राहिल्या. हेच वेळेत झालं असतं तर बहुतेक नेहमीसारखं आयुष्य मिळालं असतं.

म्हणून मी ग्रेड, जागा आणि तारीख लिहून देते, पुढच्या प्रत्येक लशीला पुन्हा ऐकते. आवाज तिसऱ्या ग्रेडचा किंवा वरचा असेल, अखंड असेल, किंवा १६ आठवड्यांनंतरही टिकला, तर थेट इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एक्स-रेवर भागवू नका. त्यात हृदयाचा आकार दिसतो, आतला रक्तप्रवाह नाही.

आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, हेही चूक. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं बारीक छिद्र पुष्कळदा मोठ्या छिद्रापेक्षा जास्त आवाज करतं.

हिरड्या फिक्या असतील तर आधी रक्त तपासा. जंत-पिसवांनी रक्त कमी झालं तरी मर्मर येतो.

पळून किंवा घाबरून धापा टाकणाऱ्या पिल्लाची छाती ऐकायची घाई नको. त्याला शांत होऊ द्या.

बॉक्सर, रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात महाधमनीच्या झडपेखालचा अडथळा वाढीच्या वयात बळावू शकतो. ती वर्षाची झाल्यावर पुन्हा दाखवा, आणि तोवर प्रजननाचा विचारही करू नका.

खेळताना पिल्लू कोसळलं किंवा जीभ निळसर दिसली, तर पुढच्या लशीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.