टीव्ही गेमचं चित्र येत नाही, आवाज येत नाही? आधी या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की पोरं घरातच कोंडली जातात आणि मग कुणीतरी माळ्यावरचं खोकं खाली काढतं. खोक्यात नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम, दोन रिमोट, एखादी गन आणि चार-पाच कॅसेटी. सगळं जोडतात, बटण दाबतात, टीव्ही काळाच. मग मला फोन येतो, "दादा, लाल लाइट लागालाय, पण काहीच दिसंना झालंय."

ही मशिनं मी बरीच वर्षं हौसेनं दुरुस्त करतोय. माझ्याकडे आलेल्या पुष्कळ मशिनांबाबत एक गोष्ट नक्की झालीय: माळ्यावरून खाली आलं तेव्हा मशीन चांगलं होतं, पुढच्या तासाभरात ते गेलं. कुणी हाताला लागेल तो अडॅप्टर लावला, कुणी कॅसेटला पॉलिश पेपर मारला, कुणी थेट स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पडदा काय सांगतोय ते न बघणं

'चित्र नाही' म्हणजे नक्की काय, हे विचारलं की निम्मे लोक गडबडतात. टीव्हीवर निळा पडदा किंवा 'नो सिग्नल' असेल, तर टीव्हीपर्यंत काही पोचतच नाही. तो निळा रंग टीव्हीचा स्वतःचा आहे, गेमचा नाही. मुंग्या दिसत असतील तर चॅनेल जुळलेलं नाही. पण गेमचं बटण दाबल्यावर निळा पडदा जाऊन सपाट करडा, हिरवा किंवा काळा रंग आला, किंवा तुटकी अक्षरं आणि चौकोन आले, तर आनंद माना. मशीन चित्र पाठवतंय, फक्त कॅसेट वाचली जात नाही.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. टीव्हीकडे नजर ठेवून गेमचं बटण चार वेळा चालू-बंद करा. पडदा जरासुद्धा चमकला, हलला, तर वायर आणि टीव्ही ठीक आहेत. काहीच फरक पडला नाही तर अडॅप्टर, वायर आणि टीव्हीचं सेटिंग, या क्रमानं शोधायचं. कॅसेटकडे तोपर्यंत बघायचंसुद्धा नाही.

"पिन बसली म्हणजे चालतंय की"

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. मूळ अडॅप्टर हरवलेला असतो, मग राऊटरचा किंवा सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणून खुपसतात. पिन बसते, पण पिनचं माप आणि आतली वीज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

जुन्या आठ-बिट मशिनांना साधारण ९ व्होल्ट डीसी लागतात. आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर असतो, तो त्याचे ५ व्होल्ट करतो आणि उरलेली वीज उष्णता म्हणून बाहेर टाकतो. मशीन ०.३ अँपियर घेत असेल, तर ९ व्होल्टवर त्याला १.२ वॉट उष्णता सोसावी लागते. १२ व्होल्ट दिलेत की तीच २.१ वॉट होते. खोलीतच चाळीस अंश असतील आणि पत्र्याचं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा तुकडा) अंगठ्याएवढं असेल, तर गेम दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडणार, गार झाला की पुन्हा लागणार. 'मधूनच बंद पडतो' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

व्होल्टेजपेक्षाही घातक म्हणजे उलटी जोडणी. निन्टेंडोच्या मूळ फॅमिकॉमला (१९८३, जपान) पिनच्या आत उणे आणि बाहेर अधिक लागतं. आपल्याकडे विकल्या गेलेल्या त्याच्या नकलांपैकी अनेकांतही तसंच. राऊटरच्या अडॅप्टरला मात्र बहुतेक वेळा आत अधिक असतं. म्हणजे वीज उलटी जाते. आत संरक्षक डायोड असला तर मशीन नुसतं चालू होत नाही, वाचतं. नसला तर कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) आणि रेग्युलेटर जातात, कधीकधी चिपसुद्धा. सेगाच्या मेगा ड्राइव्हची तर गंमतच वेगळी: पहिल्या मॉडेलला आत उणे, दुसऱ्याला आत अधिक. एकाच कंपनीचं मशीन आहे म्हणून अडॅप्टर अदलाबदल करू नका. मशीनच्या बुडाशी किंवा सॉकेटजवळ छोटं गोल चित्र असतं, मधल्या ठिपक्याची रेघ कोणत्या चिन्हाकडे जाते ते भिंगातून बघा.

मोबाइलच्या चार्जरला वायर जोडून चालवणारेही भेटतात. ९ व्होल्टच्या मशीनला ५ व्होल्ट दिले की ७८०५ स्वतःसाठी दीड-दोन व्होल्ट ठेवून घेतो, चिपला उरतात तीन. लाल लाइट तेवढ्यावरही लागतो. म्हणून लाइट लागला म्हणजे वीज पुरेशी आहे, असं धरून चालू नका.

परदेशातून कुणी मशीन आणलं असेल तर त्याचा मूळ अडॅप्टर आपल्या सॉकेटमध्ये घालण्याआधी त्यावरचा आकडा वाचा. जपानचा १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० व्होल्टचा. आपल्या २३० वर तो जळणार, नक्की. अमेरिकन एनईएसचा (निन्टेंडोनं तिकडं विकलेल्या मशीनचा) अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो, तो डीसीवर चालणाऱ्या मशीनला लावणं म्हणजे ते मारणंच.

साधा मल्टिमीटर घ्या. डीसी २० वर ठेवून लाल टोक पिनच्या आत, काळं बाहेर लावा. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर आत उणे आहे. जुना वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अडॅप्टर मोकळा असताना १२-१३ दाखवतो, त्याला घाबरू नका; भार पडला की तो खाली येतो.

टीव्ही नवीन, गेम जुना

इथं लोक मशीनला दोष देतात आणि चूक टीव्हीच्या मेनूत असते. पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. लाल असली तर आवाजाची दुसरी बाजू. पुष्कळ नव्या टीव्हींना पिवळं सॉकेट वेगळं नसतं, हिरव्यातच पिवळी पिन घालायची असते. सॉकेटच्या कडेला 'एव्ही' असं बारीक छापलेलं असतं. काहींना फक्त हेडफोनसारखं छोटं भोक असतं आणि त्याची खास वायर लागते. ती वायर दुसऱ्या कुठल्या उपकरणाची आणलीत तर आतली जोडणी वेगळी निघू शकते आणि चित्र लाल किंवा पांढऱ्या पिनवर येतं. तीनही पिना आलटून पालटून लावून बघा, त्यानं काही बिघडत नाही.

एचडीएमआय कन्व्हर्टर घेताना तर फार लोक फसतात. 'एचडीएमआय ते एव्ही' आणि 'एव्ही ते एचडीएमआय' या दोन वेगळ्या डब्या आहेत, दिसायला सारख्याच. आपल्याला दुसरी हवी. तिला यूएसबीतून ५ व्होल्ट द्यावेच लागतात. ती वायर लावली नाही तर पडदा काळाच राहतो.

एव्ही नसलेलं, अँटेनाच्या वायरीवर चालणारं मशीन असेल तर टीव्हीला अॅनालॉग शोध लावा. डिजिटल शोधात ते कधीच सापडणार नाही. गेम चालू ठेवून, कॅसेट घालूनच शोधायचं, नाहीतर टीव्ही रिकामं चॅनेल म्हणून पुढं जातो.

हे सगळं करूनही 'नो सिग्नल' येत असेल, तर शेजारपाजारचा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोधा. ही मशिनं साधारण २४० रेघांचं चित्र देतात आणि काही नवे टीव्ही ते ओळखतच नाहीत. मशीन निर्दोष आहे की नाही, याचा निकाल जुन्या टीव्हीवर लगेच लागतो. फक्त त्या टीव्हीचं मागचं झाकण कधीही उघडू नका. बंद केल्यावरही आत जीवघेणी वीज साठून राहते. आणि गन नव्या टीव्हीवर चालत नाही, ती बिघडलेली नाही. ती पिक्चर ट्यूबसाठीच केलेली आहे.

चित्र आहे, आवाज नाही

साखर पेठेतल्या एका घरचं मशीन मला आठवतं. काँट्रा हा गेम सुरू व्हायचा, चित्र स्वच्छ, आवाजाचा टिपूस नाही. त्यांनी दोन वायरी बदलल्या होत्या, टीव्ही दुरुस्तीला दाखवला होता. मी कॅसेट काढली, कापसाच्या काडीनं तिच्या तळाच्या कडेवरच्या धातूच्या पट्ट्यांवरून एकदाच पुसलं. काडी काळीकुट्ट झाली. कॅसेट परत घातली आणि आवाज आला. घरातल्या आजी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आला बघ गं त्याचा टुणटुण."

यात जादू नाही. फॅमिकॉमच्या रचनेत आवाज थेट टीव्हीकडे जात नाही. तो मशीनमधून कॅसेटमध्ये जातो आणि कॅसेटमधून परत येतो, साठ पट्ट्यांपैकी ४५ आणि ४६ नंबरच्या पट्ट्यांवरून. कॅसेटमध्ये जादा आवाजाची चिप असेल तर तिचा आवाज मिसळता यावा म्हणून ही सोय. नकली मशिनांपैकी पुष्कळांत हीच रचना उतरलीय. या दोन पट्ट्या एका बाजूच्या तिसांत अगदी मधोमध असतात. त्या मळल्या की चित्र राहतं आणि आवाज जातो. म्हणून आवाज गेला की पहिल्यांदा दुसरी कॅसेट घालून बघा.

अँटेनाच्या वायरीवर चालणाऱ्या मशिनात आणखी एक कारण असतं. आपल्याकडे टीव्हीचा आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर येतो. चीनसाठी बनलेल्या मशीनचा ६.५ वर, अमेरिकन किंवा जपानीचा ४.५ वर. टीव्हीच्या मेनूत साउंड सिस्टीम बीजी, डीके, आय, एम अशी बदलून बघा. आवाज लगेच येतो. तसंच चित्र काळं-पांढरं असेल तर कलर सिस्टीम पालवरून (आपल्याकडची पद्धत) एनटीएससीवर (अमेरिका-जपानची) न्या.

कॅसेटला फुंकर मारणं

आपण सगळ्यांनी लहानपणी मारलीय, आणि गेम चालूही व्हायचा. चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे; पट्टीला नवी जागा मिळायची. फुंकरीतला ओलावा मात्र पट्ट्यांवर राहतो आणि हळूहळू त्यांना गंज चढतो.

आपल्या गावात यात एक भर पडते. पूर्व भागात घराखाली किंवा शेजारी यंत्रमागाचा कारखाना असतो. चादरीच्या, टॉवेलच्या सुताचं तूस हवेत असतंच, ते उघड्या स्लॉटमध्ये जाऊन बसतं. मी एका स्लॉटमधून चिमट्यानं बोटभर लांब, करडी, नमद्यासारखी दाबलेली पट्टी ओढून काढलीय. तीत ओलावा धरून राहतो. म्हणून कॅसेट नसताना स्लॉटवर जाड कापड टाका, आणि कॅसेट साफ करण्याआधी स्लॉट कोरड्या मऊ ब्रशनं झाडा.

पट्ट्यांसाठी मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९० टक्क्यांच्या वरचं. काडी ओलसर करून उभी पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत, मग दहा मिनिटं वाळू द्या. डाग हट्टी असेल तर खोडरबर हलक्या हातानं चालतं, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. पॉलिश पेपर नको, पट्टीवरचा मुलामाच निघून जातो. रॉकेल नको. आणि मागाला घालतात ते तेल तर अजिबात नको; त्यावर तूस चिकटून दुप्पट घाण होते.

कॅसेट घालताना-काढताना बटण बंद हवं. काही नकली मशिनांत कॅसेट उलटीही बसते, तेव्हा स्टिकर आपल्याकडे आहे ना, बघूनच दाबा.

उघडण्याआधी आणि उघडल्यावर

झाकण काढण्याआधी दोन्ही रिमोट आणि गन काढून चालू करून बघा. रिमोटच्या वायरीतूनही ५ व्होल्ट जातात. ती वायर वाकून वाकून आत शॉर्ट झाली तर अख्खं मशीन बसतं. नवा रिमोट लावला की काम झालं, अशी उदाहरणं मी पाहिलीत.

उघडलंत तर पहिली नजर अडॅप्टरच्या सॉकेटवर. त्याच्या पायांभोवतीच्या डागाला (सोल्डरला) केसाएवढी गोल चीर पडलेली असते. पिन हलवली की लाइट मिचमिचतो. तिथं नवा डाग दिला की झालं. मग ७८०५ मोजा: काळं टोक मधल्या पायावर, लाल टोक एका कडेला, मग दुसऱ्या. एकीकडे साधारण ९, दुसरीकडे ५ हवेत. ९ येतायत आणि ५ नाहीत, तर कॅसेट काढून पुन्हा मोजा. तरीही नाहीत तर बहुधा रेग्युलेटर गेला, तो अगदी स्वस्तात मिळतो. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील आणि आवाजात घूं घूं असेल, तर मोठा कपॅसिटर वाळलाय. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि उण्याची पट्टी जुन्याच बाजूला.

५ व्होल्ट बरोबर, कॅसेट दुसऱ्या मशीनवर चालते, स्लॉट साफ, वायर नवी, तरी पडदा मेलेलाच: मग बोर्डाच्या मधोमध असलेली काळ्या लाखेची गोळी बघा. नंतरच्या स्वस्त मशिनांत सगळा जीव त्या एका गोळीत असतो आणि ती दुरुस्त होत नाही. मशीन टाकून देऊ नका. स्लॉट, सॉकेट, रिमोट आणि कॅसेटी दुसऱ्या कुणाच्या मशीनला लागतात.

आणि चालू झालंच, तर त्याच दिवशी एक काम उरका. अडॅप्टरवर कागदी पट्टी चिकटवून त्यावर पेनानं लिहा: 'टीव्ही गेम, ९ व्होल्ट, आत उणे', किंवा तुमचा जो असेल तो. मग तो मशीनलाच दोऱ्यानं बांधून ठेवा, पुढच्या मे महिन्यात खोकं उघडणाऱ्याला राऊटरकडे जावं लागणार नाही.