बरणीत समुद्राचे थर कसे दाखवायचे

नववीच्या वर्गात दरवर्षी विचारते, समुद्र तापला तर त्यातल्या वनस्पतिप्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पतींसारख्या सूक्ष्म जीवांचं, काय होईल? उत्तर ठरलेलं: "मॅडम, शिजून मरतील." शिजत नाहीत, उपाशी राहतात. हे फळ्यावर पटत नाही, म्हणून मी बरणी आणते.

सामान घरातलंच. चकल्या ठेवायची उभी काचेची बरणी, फ्रिजमधलं पाणी, अंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी, नीळ आणि एक स्ट्रॉ. उकळतं पाणी घेऊ नका. माझी एक बरणी त्यात तडकली.

गार पाण्यात निळीचे तीन-चार थेंब टाकून बरणी अर्धी भरा. हा खालचा समुद्र. वर मेलेल्यातलं बरंच काही बुडून इथे कुजतं, त्यामुळे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका असं खत या थरात साठलेलं असतं. वर पाणी निर्मळ, पण ऊन तिथेच. प्लवकांना दोन्ही लागतात.

आता गरम पाणी ओतायचं, आणि खरी कसोटी इथे आहे. घाईत ओतलं तर सगळं निळं होतं आणि पोरं हसतात. बटाट्याची पातळ चकती बरणीच्या पाण्यावर सोडा. ती बुडाली तर प्लॅस्टिकचं झाकण तरंगवा. त्यावर चमच्याच्या पाठीवरून बारीक धार धरा. दोन-तीन मिनिटं लागतात. मध्ये स्पष्ट रेघ दिसली की झाकण हळूच काढा.

काहीजण रेघ ठसठशीत दिसावी म्हणून खालच्या पाण्यात मीठ घालतात. घालू नका. मग थर उष्णतेने झाले की मिठाने, हे सांगता येत नाही.

स्ट्रॉ तिरकी धरून पाण्यावर फुंका. हा मोसमी वारा. वरचं पाणी गरगरतं, रेघ थोडी डुलते, पण निळं वर येत नाही. दुसऱ्या बरणीत वरचं पाणी जेमतेम कोमट घ्या आणि तेवढंच फुंका. निळे धागे वर चढायला लागतात. वरचा थर जितका गरम, तितका तो हलका, आणि ढवळायला वाऱ्याला तितकं जास्त बळ लागतं. पोरांना फुंकून दम लागला की मुद्दा कळतो.

अरबी समुद्रात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याजवळ नैर्ऋत्य मोसमी वारे खोलचं गार पाणी वर ओढतात, म्हणून तिथे प्लवकांचं पीक येतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलं, की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतिप्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटले. कारण हेच: पृष्ठभाग तापला, थर घट्ट झाले, खत खालीच अडकलं. खत कमी पडलं की डायटमची, म्हणजे सिलिकाचं कवच असलेल्या मोठ्या प्लवकांची, आधी पंचाईत होते आणि बारीक जाती तगून राहतात. मग त्यांच्यावर जगणाऱ्या माशांचं गणितही बदलतं.

एखादं हुशार पोर विचारतंच, ध्रुवाकडेही असंच का? तिथे टंचाई बऱ्याचदा उजेडाची असते, त्यामुळे वरचा थर उथळ राहणं प्लवकांच्या पथ्यावरही पडू शकतं. ही बरणी उष्ण कटिबंधापुरतीच खरी धरा.

शेवटी ती रात्रभर ओट्यावर राहू द्या. वरचं पाणी निवतं, जड होतं, रेघ विरते, सकाळी सगळं फिकट निळं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात कोरडे गार वारे हेच करतात: वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, खालचं खत वर येतं आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाणी हिरवं होतं. हे समजावताना मी पोरांना दुसरं काम देते: पुन्हा तीच बरणी भरा, पण रात्री ती गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवा, आणि रेघ किती वाजता विरते ते वहीत लिहून आणा.