जलरंगात कीटक रंगवायचेत? भुंगेऱ्यापासून सुरुवात करा

कीटकांची चित्रं काढायची म्हटलं की बहुतेक जण आधी फुलपाखराला हात घालतात. फुलपाखराचे दोन्ही पंख सारखे यावे लागतात. डावा जरा मोठा झाला की उजवा वाढवायचा, मग पुन्हा डावा. माझं पहिलं फुलपाखरू असंच वाढत वाढत कागदाबाहेर गेलं. भुंगेऱ्याची चूक एवढी डोळ्यावर येत नाही, म्हणून तो बरा.

शिवाय पुण्यात तो फुकट मिळतो. वळवाचा एखादा दमदार पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि जिन्यातल्या दिव्यावर आपटत राहतात. सकाळी झाडू फिरायच्या आत गेलात तर एखादा मेलेला सापडतोच. तो कापसावर ठेवून डबी घट्ट लावा, नाहीतर मुंग्या तुमच्या आधी कामाला लागतात. चित्रासाठी जिवंत कीटक मात्र मारू नका. काही फुलपाखरं आणि भुंगेरे तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. चतुर हवा असेल तर पाषाण तलावाकाठी जाऊन फोटो काढा. मेलेल्या चतुराचा रंग पटकन उडतो, तो बघून काढलेलं चित्र मळकटच होतं.

साहित्यावर फार खर्च नको. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद, २ आणि ६ नंबरचे टोकदार गोल ब्रश, कर्कटक, एक भिंग आणि तीन रंग: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन ब्लू. अप्पा बळवंत चौकात हे सगळं एका फेरीत होतं. बारीक काम म्हणून लोक तीन शून्यांचा ब्रश घेतात. त्यात पाणीच मावत नाही, आणि पायाच्या टोकापर्यंत पोचायच्या आत तो कोरडा पडतो. २ नंबरचं टोक चांगलं असेल तर मिशासुद्धा निघतात. पांढरा रंग घेऊ नका.

आता पेन्सिल. भुंगेरा साधारण २ सेंटिमीटरचा असतो. तिप्पट, म्हणजे ६ सेंटिमीटरचा काढा. मधली उभी रेघ मारा आणि कर्कटकाने मापं घेऊन रेघेच्या दोन्ही बाजूंना खुणा करा. इथे एक फसगत आहे. कीटकाचे डोकं, छाती, पोट असे तीन भाग आणि सहाही पाय छातीला, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. भुंगेरा वरून पाहिला तरी तीनच भाग दिसतात, पण ते हे तीन नव्हेत. मागचा मोठा भाग म्हणजे पोटासकट छातीचाही मागचा भाग झाकणारे टणक पंख. त्यामुळे मधले आणि मागचे पाय पोटातून निघाल्यासारखे वाटतात. भुंगेरा उलटा करा, पाय नेमके कुठे जोडलेत ते बघा, मग सुलटा करून काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण नवशिक्यांचे बहुतेक भुंगेरे इथेच बिघडतात. (मृगाचा तो लाल मखमली किडा काढणार असाल तर आठ पाय काढा. नावात किडा असला तरी तो कोळ्यांच्या गोतातला.)

दोन टणक पंखांमधली शिवण जिथे सुरू होते तिथे एक छोटा त्रिकोण असतो, तो विसरू नका. मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या पात्या असतात.

टेबललॅम्प असा ठेवा की उजेड डाव्या बाजूने वरून येईल. पाठीवर एक चकाकती जागा दिसेल. तिची हद्द पेन्सिलीने अगदी हलकी आखून घ्या आणि शेवटपर्यंत तिथे ब्रश लावू नका. जलरंगात चकाकी रंगवत नाहीत, राखतात. पांढऱ्या रंगाने नंतर ठेवलेला ठिपका खडूसारखा दिसतो.

ती जागा सोडून बाकी अंगावर स्वच्छ पाण्याचा हात फिरवा आणि ऑकरमध्ये थोडा सिएना मिसळून सोडा. मग थांबा. एप्रिलमध्ये पुण्यात हा थर बघता बघता वाळतो, जुलैत पंख्याखालीही अर्धा तास लागू शकतो. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर आत ओल आहे. त्यावर घाईने दुसरा थर दिलात की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात आणि मग ते जात नाहीत.

दुसऱ्या थराला सिएनात अल्ट्रामरीन मिसळा. निळा वाढवत गेलं की जवळजवळ काळा मिळतो. हा गडद रंग शिवणीत, त्रिकोणाच्या कडेला आणि अंगाच्या उतारावर लावा, पण अगदी काठाशी एक फिकट पट्टी सोडा. खालच्या कागदावरून परतलेला उजेड तिथे पडतो, आणि त्या पट्टीनेच अंगाला गोलाई येते. पाय शेवटी. मांडी, नडगी, पाऊल, प्रत्येकाला शरीराकडून बाहेर जाणारा एकेक फटकारा. सांध्यावर ब्रश उचला, केसभर पांढरं राहू द्या. अंगाखाली निळसर करडी सावली दिली नाही तर भुंगेरा हवेत तरंगतो.

चार-पाच भुंगेरे झाले की सोनकिडा घ्या. त्याचा हिरवा झळाळ रंगद्रव्याचा नसतो, कवचाच्या सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या उजेडाचा असतो, म्हणून एकाच हिरव्या ट्यूबमधून तो निघत नाही. चकाकीलगत पिवळा, मग हिरवा, काठाला निळा-जांभळा, असे ओले रंग एकमेकांना भिडवा. चतुराचा पंख मुळात रंगवायचाच नाही. त्यातून दिसणारी मागची फांदी जरा फिकी काढा, पुढच्या काठाची शीर ठळक, बाकीच्या तुटक. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन त्यानंतर.

जमलं तर कीटक त्याच्या झाडासकट काढा. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकार १६९९ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि तिथल्या अळ्या, कोश, पतंग त्यांच्या झाडांवर रंगवत बसली. आपल्याला गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी पुरते.

कागदाच्या कोपऱ्यात तारीख, जागा आणि कीटकाची खरी लांबी लिहा. भुंगेरा टाकून देऊ नका, डांबराच्या गोळीबरोबर डबीत राहू द्या. पाय कुठे चुकलाय ते बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं.